इलेक्ट्रिक कार घेताय? शोरूमला जाण्याआधी रात्री नऊला घरचं व्होल्टेज मोजा

परभणीत आणि आसपासच्या तालुक्यांत मी घरगुती वायरिंगची कामं घेतो. गेल्या दोन-तीन वर्षांत एकाच तऱ्हेचा फोन सारखा येतो. गाडी दारात आलेली असते, हार घालून, पेढे वाटून झालेले असतात, आणि मग फोन येतो: "दादा, चार्जिंगचा पॉइंट टाकून द्या, उद्यापर्यंत." जाऊन बघावं तर घराला अर्थिंगच नाही, बोर्डापर्यंत दीड एमएमची बारीक वायर आणि संध्याकाळी व्होल्टेज १८० वर. गाडीत खोट नसते, खरेदीचा क्रम चुकलेला असतो.

आधी आपला रस्ता बघायचा, मग घरची वीज, मग बॅटरीचा आकार आणि सगळ्यात शेवटी मॉडेल. बहुतेक जण नेमकं याच्या उलट करतात. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एखाद्या टप्प्यात अडलात तर ते निस्तरल्याशिवाय पुढे जाऊ नका. शोरूमची पायरी पाचव्या टप्प्यात चढायची आहे.

तयारी

एक वही, मागच्या बारा महिन्यांची लाइट बिलं, एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि परवानाधारक वायरमन, एवढं लागेल. शिवाय पंधरा दिवसांचा वेळ. सणाची ऑफर संपत आली म्हणून हे पंधरा दिवस वाचवू नका.

## टप्पा १: दोन आकडे काढा

सध्याच्या गाडीचं मीटर रोज रात्री वहीत उतरवा, पंधरा दिवस. "रोज पन्नास-साठ होत असतील" असं तोंडी सांगणाऱ्यांचा आकडा लिहून बघितल्यावर बहुतेक वेळा बदलतो. शाळेत पोरांना सोडणं, मोंढ्यात जाणं, शेतात चक्कर, हे कोणी मोजत नाही.

पहिला आकडा रोजचा. पंधरा दिवसांची सरासरी काढू नका, त्यातल्या जास्त धावपळीच्या तीन-चार दिवसांत किती झाले ते घ्या. परभणीहून रोज जिंतूरला नोकरीला जाणाऱ्या माणसाचे जाऊन-येऊन, गावातल्या फेऱ्या धरून, सुमारे ९० किलोमीटर होतात.

दुसरा अडचणीचा. यात दोन प्रश्न विचारा:

- संध्याकाळी घरी आल्यावर गाडी चार्जिंगला लावायच्या आत रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर? परभणीकराला नांदेड एका बाजूने सुमारे ७५ किलोमीटर. म्हणजे ९० अधिक ७५, १६५ किलोमीटर.
- रात्रभर लाइट आलीच नाही तर? दुसऱ्या दिवशीचीही ड्युटी त्याच चार्जिंगवर करायची. म्हणजे ९० दुणे १८०.

यातला मोठा आकडा तुमचा. इथे तो १८०. पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर आहे, म्हणून तो पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.

नेहमीची चूक: वर्षातून एकदा पंढरपूर, एकदा कोकण, म्हणून बॅटरी त्या हिशोबाने मोठी घेतात. त्या दोन सहलींसाठी लाखांत पैसे मोजण्यापेक्षा तेवढ्यापुरती भाड्याची गाडी करा किंवा वाटेत दोनदा थांबायची तयारी ठेवा.

## टप्पा २: घरच्या विजेची परीक्षा

हा टप्पा सगळ्यात मोठा आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. घरी किंवा कामाच्या ठिकाणी रात्रभर गाडी लावायची भरवशाची जागा नसेल, तर रोजच्या वापरासाठी इलेक्ट्रिक गाडी सध्या घेऊ नका. मराठवाड्यात निव्वळ बाहेरच्या चार्जिंगवर रोजची ड्युटी निभावणं फार त्रासाचं आहे.

२.१ जागा. गाडी जिथे उभी राहते तिथून बोर्ड किती लांब आहे ते टेपने मोजा. गाडीबरोबर येणारी केबल साधारण पाच मीटरची असते, आणि चार्जिंगचं तोंड कुठल्या गाडीला पुढे, कुठल्या गाडीला मागच्या बाजूला असतं. जुन्या गल्लीत, वाड्याबाहेर गाडी लावणाऱ्यांनी वायर रस्त्यावरून न्यायचा विचारही करू नये. त्यावरून बैलगाडी जाते, ट्रॅक्टर जातो, पोरं खेळतात.

२.२ व्होल्टेज. तीन दिवस, रोज चार वेळा मोजा: संध्याकाळी सात, रात्री नऊ, अकरा आणि पहाटे पाच. रब्बीत शेतातल्या मोटारी चालतात त्या दिवसांतलं मोजमाप जास्त खरं. आणि नुसतं मोजू नका. त्याच लाइनवर गिझर लावा, दोन मिनिटं थांबा आणि परत मोजा. रिकाम्या लाइनवर २२५ दाखवणारं घर गिझर लावला की २०० वर येतं, हे मी कितीतरी ठिकाणी बघितलंय.

दोन आकड्यांतून दुखणं कुठलं ते कळतं. गिझर लावल्यावर दहा व्होल्टपेक्षा जास्त उतरलं तर खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर, तिचे जोड किंवा घरची वायरिंग कमजोर आहे. ते तुमच्या हातात आहे, दुरुस्त होतं. काही न लावताच व्होल्टेज कमी असेल तर दुखणं डीपीचं किंवा लाइनचं. त्यासाठी महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि आकड्यांचा कागद सोबत जोडा.

याने फरक किती पडतो? साधा पोर्टेबल चार्जर ठरावीक करंट ओढतो. १० अँपियरचा धरा. २३० व्होल्टला तो २.३ किलोवॉट देतो, १८० व्होल्टला फक्त १.८. ३० युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायला, वाटेतली गळती धरून, सुमारे २० युनिट लागतात. पहिल्या घरात पावणेनऊ तास, दुसऱ्या घरात अकरा तास. त्यात मध्ये दोन तास लाइट गेली तर सकाळी गाडी अर्धवट. आणि व्होल्टेज फारच उतरलं तर चार्जर स्वतःहून बंद पडतो.

जिंतूर रोडवरच्या एका गुरुजींचा फोन अजून आठवतो. "दादा, लाइट हाय, पण गाडी घेईना." त्यांच्या घरी व्होल्टेज ठीक होतं. अडचण पुढच्या मुद्द्यात होती.

२.३ अर्थिंग. फ्रीज, टीव्ही, कूलर अर्थिंग नसतानाही चालतात, म्हणून आपल्याकडे अर्थिंगकडे कोणी बघत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो. नसली तर लाल दिवा लावून गप्प बसतो. हा बिघाड समजू नका, तुमचा जीव वाचावा म्हणूनच तो थांबतो.

१६ अँपियरच्या सॉकेटमध्ये वायरमनकडून तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. २२८, २२६ आणि २ असे आकडे आले तर चांगलं. २२८, १४० आणि ८८ असे आले तर त्या तिसऱ्या पिनेला मातीचा संबंधच नाही. हीही मापं गिझर चालू असताना परत घ्या. न्यूट्रल-अर्थमध्ये पाचाच्या वर आकडा गेला तर काम बाकी आहे.

आपल्या जमिनीची एक गोष्ट लक्षात ठेवा. काळी माती पावसाळ्यात ओल धरते, अर्थिंग झकास लागते. एप्रिल-मेमध्ये तीच माती भेगाळते, रॉडपासून सुटते आणि तोच खड्डा निकामी होतो. गुरुजींच्या घरी हेच झालं होतं. दिवाळीत गाडी घेतली, मार्चपर्यंत बिनतक्रार चालली, अक्षय्य तृतीयेच्या आसपास चार्जरने हात टेकले. खड्ड्याचं झाकण उघडलं तर रॉडभोवती बोट जाईल एवढी फट. त्यात बेंटोनाइटची (ओल धरून ठेवणाऱ्या मातीची) भरणी केली, दोन बादल्या पाणी घातलं आणि तासाभरात न्यूट्रल-अर्थचा आकडा ३८ वरून ३ वर आला. मुरमाड, खडकाळ जागेत, अंबाजोगाईच्या डोंगरपट्ट्यात वगैरे, एका खड्ड्याने भागत नाही. दोन खड्डे अंतर ठेवून घ्या आणि पट्टीने जोडा.

सावधान: काही वायरमन चार्जर फसवायला सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. लाल दिवा विझतो, गाडी चार्ज होते, गिऱ्हाईक खूश. पण उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट येतो, आणि ओल्या फरशीवर उभं राहून दार उघडणारा माणूस जागीच जातो. असं कोणी करू लागला तर त्याला तिथेच थांबवा. पॉइंट झाल्यावर सॉकेट उघडून स्वतः बघा.

२.४ वायर आणि बोर्ड. गिझर तासभर चालतो, गाडी आठ-दहा तास सलग ओढते. म्हणून जुन्या पॉइंटवरून काम नको. मीटरपाशी स्वतंत्र एमसीबी टाकून तांब्याची स्वतंत्र लाइन घ्या.

- १६ अँपियरच्या सॉकेटसाठी ४ स्क्वेअर एमएम वायर, २० अँपियरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच). आरसीसीबी टाइप-ए मागा. दुकानात नुसतं मागितलं तर टाइप-एसी हातात पडतो.
- ७.२ किलोवॉटच्या भिंतीवरच्या चार्जरसाठी सलग ३२ अँपियर लागतात. १० स्क्वेअर एमएम वायर आणि ४० अँपियरचा एमसीबी. रोज शंभरच्या आत फिरणाऱ्याला याची बहुतेक वेळा गरज नसते. लाइट कमी वेळ राहणाऱ्या गावात मात्र हा चार्जर फार कामाचा, कारण हाती आलेल्या चार तासांत तो अर्ध्याहून जास्त बॅटरी भरतो.

सॉकेट चांगल्या प्रतीचं, घट्ट पकडीचं घ्या. सैल सॉकेटमध्ये पिन तापते. मी एका घरातून काढलेला सॉकेट दुकानात ठेवलाय: खालची दोन्ही भोकं तपकिरी झालेली, प्लॅस्टिक मेणासारखं ओघळलेलं आणि पिनेची पितळी कडा काळीनिळी. वर पंधरा रुपयांचा मल्टिप्लग लावला होता. गिऱ्हाइकांना मी तो दाखवतो, जास्त बोलावं लागत नाही.

सावधान: एक्स्टेन्शन बोर्ड नको, मल्टिप्लग नको, घरचा इन्व्हर्टर नको. आणि शेतीच्या लाइनवर गाडी लावू नका. कृषिपंपाच्या जोडणीवर दुसरं काही चालवणं हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते.

२.५ मंजूर भार. लाइट बिलावर मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा, छापलेला असतो. तो एक-दोन किलोवॉट असेल तर गाडीसाठी वाढवून घ्या. महावितरणच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून अर्ज होतो. घरगुती जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करायला परवानगी आहे, वेगळं मीटर सक्तीचं नाही. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरमधल्या फ्लॅटवाल्यांनी मात्र बुकिंगच्या आधी सोसायटीची लेखी संमती घ्यावी आणि मीटररूमपासून आपल्या पार्किंगपर्यंत वायर कुठून येणार ते वायरमनला दाखवून ठेवावं.

इथे थांबून तपासा: गिझर चालू असताना रात्री नऊला २०० व्होल्टच्या वर, न्यूट्रल-अर्थ पाचाच्या आत, स्वतंत्र लाइनचा मार्ग ठरलेला, भारवाढीचा अर्ज दिलेला. चारही गोष्टी झाल्या तरच पुढे.

## टप्पा ३: बॅटरीचा आकार ठरवा

बॅटरी किलोवॉट-तासात मोजतात, तेच आपलं युनिट. ३० किलोवॉट-तास म्हणजे लाइट बिलातले ३० युनिट.

कंपनीने सांगितलेली रेंज प्रयोगशाळेत रोलरवर काढलेली असते. तिचे तीन भाग करून एक भाग सोडून द्या, उरलेलं आपलं. त्याहून चांगला मार्ग म्हणजे युनिटला किती किलोमीटर ते धरणं. लहान गाडी गावात फिरताना एका युनिटला साधारण ८ देते. ताशी सत्तर-ऐंशीने तालुक्याच्या रस्त्यावर साडेसहा ते सात. ताशी शंभरच्या पुढे, एसी लावून, पाच-साडेपाच. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे, पण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: शंभरचे एकशेवीस केले की तो ४४ टक्क्यांनी जास्त. जालन्याहून समृद्धीवर चढणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

आता आपल्या परभणीकराचा हिशोब. अडचणीचा आकडा १८०, युनिटला ६ धरले तर ३० युनिट. तळाचे १० टक्के कधी वापरायचे नाहीत, म्हणून ३३. आठ वर्षांत बॅटरीची ताकद थोडी उतरेल, त्यासाठी १५ टक्के धरले तर ३९. म्हणजे त्याने ३८ ते ४५ युनिटच्या गाड्या बघाव्यात. टाटा टियागोच्या १९.२ आणि २४ युनिटच्या बॅटऱ्या त्याला पुरणार नाहीत. नेक्सॉनची ३० ची कमी पडेल, ४५ ची पुरून उरेल. एमजी विंडसरची ३८ ची जेमतेम बसते, ५२.९ ची त्याला गरज नाही. आणि लातूर शहरात रोज ३० किलोमीटर फिरणाऱ्या बाईंना टियागोची २४ युनिटची गाडी अगदी पुरेशी आहे, त्यांनी मोठ्या बॅटरीचे पैसे मोजू नयेत.

उन्हाचा मुद्दा. आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो. म्हणून दोन गोष्टी विचारा: बॅटरीला द्रवाने थंड ठेवायची सोय आहे का, आणि बॅटरी एलएफपी की एनएमसी (हे आतल्या रसायनांचे दोन प्रकार). एलएफपी उष्णता जास्त सोसते आणि जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज झेलते. एनएमसी तेवढ्याच वजनात जास्त वीज साठवते. रोजच्या वापराला, आपल्या उन्हात, मी एलएफपी घ्या म्हणेन. टियागो, नेक्सॉन, विंडसर या गाड्यांत ती आहे.

## टप्पा ४: बाहेरचं चार्जिंग, रस्त्यावर जाऊन

नकाशावर ठिपका दिसला म्हणजे तिथे चार्जर चालू आहे असं धरू नका. तुम्ही वर्षातून चार-सहा वेळा ज्या लांबच्या रस्त्याने जाता, परभणी-संभाजीनगर किंवा बीड-सोलापूर, त्या रस्त्याने सध्याच्या गाडीनेच एकदा जा आणि प्रत्येक फास्ट चार्जरपाशी थांबा.

काय बघायचं: गन (गाडीत खुपसायचा प्लग) सीसीएस-२ प्रकारची आहे का, स्क्रीन चालू आहे का, तिथे चार्ज करणारा कोणी भेटला तर किती वेळ लागतोय, रात्री ते ठिकाण उघडं असतं का, शेजारी संडास आणि चहाची सोय आहे का. बाईमाणूस एकटी रात्री तिथे अर्धा-पाऊण तास थांबू शकेल का, हे घरातल्या बाईलाच विचारा. आणि त्याच चार्जरच्या दुसऱ्या गनवर गाडी लागली की ताकद वाटली जाते. ६० किलोवॉटचा चार्जर दोघांना तीस-तीस देतो.

जिथे थांबायचं ठरवाल, त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे दुसरा चार्जर हवा, आणि तिथवर जाईल एवढी बॅटरी हातात हवी. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची ॲप आधीच टाकून त्यांत पैसे भरून ठेवा. चार टक्क्यांवर, नेटवर्क नसलेल्या जागी, ओटीपीची वाट बघत बसणं फार वाईट.

## टप्पा ५: आता शोरूम, आपल्या रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह

मे महिन्याच्या दुपारी जा. शोरूमवाला हायवेवर पाच किलोमीटर फिरवून आणतो, तेवढ्यावर समाधान मानू नका. किमान तीस किलोमीटर, चार माणसं बसवून, एसी लावून, आपल्या रोजच्या रस्त्यावर. निघताना ट्रिप मीटर शून्य करा, बॅटरीचे टक्के लिहा, परत आल्यावर परत लिहा. ३० किलोमीटरला ४५ युनिटच्या बॅटरीचे ११ टक्के गेले तर सुमारे ५ युनिट झाले, म्हणजे युनिटला सहा. तिसऱ्या टप्प्यात धरलेल्या आकड्याशी जुळतंय का बघा.

फिरताना आणखी हे तपासा:

- पोट. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. चार माणसं बसल्यावर आपल्या गावच्या उंच गतिरोधकावरून गाडी तिरकी न घालता जाते का? पूर आलेल्या नाल्यावरून तर कुठलीच गाडी घालायची नाही, बॅटरी कितीही वॉटरप्रूफ म्हणून सांगितली तरी.
- स्टेपनी. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, नुसतं पंक्चर किट देतात. बाभळीच्या काट्याला ते चालून जाईल, पण खड्ड्यात टायरची बाजू फाटली तर किट कामाचं नाही. सेलू-पाथरीच्या आतल्या रस्त्यांनी फिरणाऱ्याने स्टेपनी असलेलंच व्हेरिएंट मागावं.
- सर्व्हिस. हाय व्होल्टेजचं काम करणारा शिकलेला माणूस कुठल्या गावात बसतो? "आपल्याकडे सगळं होतं" हे उत्तर नाही. वर्कशॉपमध्ये जाऊन बघा. बंद पडलेली गाडी दोर लावून ओढायची नसते, सपाट ट्रकवर चढवून न्यायची असते. ती सोय तुमच्या गावापर्यंत येते का तेही विचारा.

## टप्पा ६: पैशाचा हिशोब, आपल्या बिलावरून

"किलोमीटरला एक रुपया" हे वाक्य शोरूममध्ये हमखास ऐकाल. ते तुमच्या घराला लागू पडेलच असं नाही, कारण घरगुती बिल स्लॅबचं असतं: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. गाडीचे युनिट घरच्या युनिटच्या वर चढतात, म्हणून ते महाग स्लॅबमध्ये पडतात.

महिना १२०० किलोमीटर, युनिटला साडेसहा धरले तर १८५ युनिट. चार्जिंगची गळती धरून सुमारे २०५. घरचा वापर १५० असेल तर एकूण ३५५, म्हणजे तीनशेची पायरी ओलांडली. बिलातले वहन आकार, इंधन समायोजन, शुल्क सगळे धरून वरच्या युनिटला १५ रुपये पडतात असं माना: महिना ३,०७५. पेट्रोल गाडी लिटरला १६ देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ७,८७५. बचत ४,८०० रुपये. पण महिना ४०० किलोमीटरच चालत असेल तर ही बचत १,६०० वर येते, आणि गाडीच्या किमतीतला फरक तेवढ्यात भरून निघायला फार वर्षं लागतात. महिना आठशेच्या खाली धावणाऱ्याने निव्वळ बचतीसाठी इलेक्ट्रिक घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

छतावर सोलर घ्यायचं असेल तर पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि आपल्या उन्हात तेवढ्या पॅनलवर रोज १२ युनिटच्या आसपास मिळतात. एक गैरसमज मात्र काढून टाका: नेट मीटरचं (जादा वीज लाइनला परत देणारं) साधं सोलर लाइट गेल्यावर बंद पडतं. लाइट नसताना त्यावर गाडी चार्ज होत नाही.

कागदावर फसू नका:

- कर्जाच्या व्याजावरची ८० ईईबीची आयकर सवलत फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना होती. आजही कोणी ती सांगत असेल तर तो जुनं पाठ केलेलं बोलतोय.
- थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात खासगी इलेक्ट्रिक कारला १५ टक्के सूट आहे. कोटेशनमध्ये ती धरली आहे का बघा. विम्यात झीरो डेप (झीज न कापता भरपाई) आणि पाण्याने बॅटरी बिघडली तर त्याचं संरक्षण घ्या, चार्जर धरला आहे का तेही विचारा.
- बॅटरी भाड्याने देणारी योजना असेल तर दर महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात ते लेखी घ्या. कमी फिरणाऱ्याला ही अट महाग पडते.
- आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी वॉरंटी सर्रास दिसते. ताकद किती टक्क्यांच्या खाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल, आणि गाडी विकल्यावर दुसऱ्या मालकाला काय मिळेल, हे दोन प्रश्न पुस्तिकेतून वाचून घ्या.

## टप्पा ७: बुकिंग आणि ताबा

बुकिंगच्या पावतीवर व्हेरिएंट, बॅटरीचे युनिट आणि सोबत मिळणारा चार्जर लिहून घ्या. "चार्जर सोबत येतो" म्हणजे १५ अँपियरचा पोर्टेबल की भिंतीवरचा, हे आधी ठरवा. भिंतीवरच्या चार्जरच्या फुकट बसवणीत ठरावीक मीटर वायरच धरलेली असते, पुढची तुमच्या खिशातून.

घरचा पॉइंट गाडीच्या आधी तयार हवा. गाडी येण्याच्या आदल्या दिवशी त्या सॉकेटवर दोन तास गिझर किंवा इस्त्री लावून हात लावून बघा. पिन कोमट चालेल, चटका बसला तर सॉकेट बदला.

ताबा घेताना शोरूममध्येच एसी (घरच्यासारखं) आणि डीसी (फास्ट) दोन्ही प्रकारे पाच-पाच मिनिटं चार्जिंग लावून दाखवायला सांगा. डॅशबोर्डवर चेतावणीचा दिवा नको. टायरवरचा उत्पादनाचा आठवडा वाचा. पोटाखाली वाकून बॅटरीच्या पत्र्यावर ओरखडा, चेंब नाही ना ते मोबाइलच्या टॉर्चने बघा. हे सगळं हार घालायच्या आधी.

## टप्पा ८: पहिला महिना, पहिला उन्हाळा

पहिल्या आठवड्यात रोज रात्री तासभर चार्जिंग झाल्यावर प्लगला हात लावा. कुठे वितळल्याचा वास, कुठे गुणगुण, लगेच बंद करून वायरमनला बोलवा.

रोजच्यासाठी ८०-९० टक्क्यांपर्यंत भरा. एलएफपी बॅटरी मात्र आठवड्यातून एकदा शंभरपर्यंत न्या, नाहीतर टक्क्यांचा अंदाज चुकायला लागतो. कंपनीच्या पुस्तिकेत याबद्दल काय लिहिलंय ते पाळा. उन्हातून आलेली गाडी लगेच लावू नका, अर्धा तास सावलीत थंड होऊ द्या. रात्री अकरानंतर व्होल्टेज बरं असतं, गाडीत किंवा ॲपमध्ये वेळ लावायची सोय असेल तर तेव्हाची लावा. शंभर टक्के भरून गाडी आठवडाभर उन्हात उभी करून गावाला जाऊ नका; पन्नास-साठवर ठेवा. मोठ्या बॅटरीशिवाय गाडीत १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते. ती बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, म्हणून दर सर्व्हिसिंगला ती तपासून घ्या.

मार्च संपला की मल्टिमीटर परत काढा आणि न्यूट्रल-अर्थचं माप घ्या. एप्रिल-मेमध्ये दर रविवारी अर्थिंगच्या खड्ड्यात एक बादली पाणी. गुरुजींनी आता त्या खड्ड्याशेजारी तुळस लावलीय, रोजचं पाणी आपोआप जातं, आणि मागचे दोन्ही उन्हाळे त्यांचा फोन आला नाही.